शोभेची पडवळं

१४ जुलै, सोमवार

स्वराज म्हणतो, आई, मनात येईल ते वहीत लिहीत जा, मला दिवसातून चार फोन करू नकोस. पोरगा पुण्याला, नोकरी मीटिंगांची. म्हणून ही वही. त्याचीच आहे, बारावीची. पुढे रसायनशास्त्र, मागच्या कोऱ्या पानांवर मी.

आज कमानीवरच्या पडवळांना फळं धरली. करंगळीएवढी आहेत, पण आत्तापासून शेपटीला वळसा. कानातल्या डुलासारखी दिसतात. मला तश्शीच हवीत.

कळंबोलीत ट्रकवाल्यांसाठी पोळीभाजी केंद्र चालवलं एकोणतीस वर्षं. भाजी म्हणजे माझ्या लेखी उठल्याबरोबर चिरायची वस्तू. भोपळ्याचं फूल पिवळं असतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, कारण बाजारात भोपळा फुलासकट येत नाही. केंद्र बंद केलं त्या दिवशी ठरवलं, जयमाला, आता भाजी चिरायची नाही, बघायची.

लोक दारात गुलाब लावतात, मी लाल माठ लावला. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंकवाची रेघ ओढावी तसा. केंद्रातली मोठी पातेली बुडाला भोकं पाडून मांडली. त्यांत जांभळी वांगी, आकाशाकडे तोंड केलेल्या लवंगी मिरच्या, भेंडी. भेंडीचं फूल जास्वंदीच्या तोंडात मारेल असं. खिडकीच्या गजांवर मायाळू, भिंतीवर तांबडा भोपळा, फाटकाच्या कमानीवर पडवळ. सगळं मोबाइलवर बघून शिकले. बेलापुरातल्या या रो-हाउसच्या ओळीत असं दार दुसरं नाही. येणारेजाणारे फोटो काढतात. तोडायचं मात्र काही नाही. जून झालं तर झाडावरच.

२० जुलै, रविवार

शेजारचा रूपेश आला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने बाजूचं घर घेतलं. मूळचे उलव्याकडचे शेतकरी, जमीन विमानतळात गेली. आता तो बांधकामाच्या धंद्यात. हातात दोन मोबाइल, बोलणं लोण्यासारखं.

"काकी, तुमचा नि माझा प्लॉट एकत्र केला तर मस्त चार माळे चढतील. तुमाला वरती फ्लॅट, लिफ्टसकट. गुडघ्यांना आराम. टेन्शन घेऊ नका, विचार करा."

"आणि माझी बाग?"

"टेरेसवर करू ना!"

टेरेसवर कोण फोटो काढणार, कावळे? मी म्हटलं, मला विकायचं नाही. तो हसत गेला. जास्त हसणाऱ्या माणसाचं मला भय वाटतं.

त्याचे वडील हिरामण, पंचाहत्तरीचे असतील. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, आणि मागच्या कोपऱ्यात चार विटा पडून खिंड झालेली. तिथे उभं राहून म्हातारा माझ्या बागेकडे बघत असतो. आज कमानीकडे बघून मान हलवली, चक् चक् केलं नि म्हणाला, "वाकरी हायेत."

मी म्हटलं, "वाकडी तर वाकडी, माझी आहेत. माझ्या बागेला नजर लावू नका."

म्हातारा आत गेला. लेकाने गोड बोलायचं आणि बापाने पाळत ठेवायची, असं वाटून घेतलेलं दिसतंय.

२ ऑगस्ट, शनिवार

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर स्वराजने हसू नये.

सकाळी फाटक उघडायला गेले तर कमानीवरच्या सहा पडवळांच्या शेपटीला दगड बांधलेले! कापडाची चिंधी, गाठ पक्की, खाली दगड लोंबतोय. चिंधी हिरवी, लाल काठाची. जुन्या लुगड्याची दिसते. या ओळीत नऊवारी नेसणारी बाई कोणीच नाही.

आणखी एक. लहान पडवळाला लहान दगड, मोठ्याला मोठा. म्हणजे करणाऱ्याने मोजूनमापून केलंय. अशी पद्धतशीर करणी मी ऐकलीसुद्धा नव्हती.

देव मानते, पण करणीबिरणी मानत नाही. नव्हते मानत. सगळे दगड पिशवीत भरले, रिक्षा करून जेट्टीवर गेले आणि चिंध्यांसकट खाडीत टाकले. मागे वळून बघितलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा सहा. तेच कापड, दगड नवे.

या वेळी टाकले नाहीत. पुरावा पाहिजे. बिस्किटाच्या डब्यात ठेवले, वर मीठ आणि तुळशीचं पान. डबा मोरीजवळ. स्वयंपाकघरात ठेवायला मन होईना.

स्वराजला फोन केला. म्हणतो, "आई, कोणीतरी चेष्टा केली असेल." अरे, चेष्टा करणारा एकदा करतो. दगड टाकून दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोण बांधतं? ज्याचं काही अडलंय तोच. आणि इथे माझ्या घरावाचून अडलंय एकाचंच.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज माझं एक माणूस गेलं. म्हणजे जिवंत आहे, समोरच्याच ओळीत राहते, पण माझ्यापुरती गेली.

सईदा. पंधरा वर्षांची सोबत. तिचं माहेर पेणकडचं, मोठी वाडी होती म्हणते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हीच दवाखान्यात बसून होती. सकाळी शेवयांचा डबा घेऊन आली. कमानीखाली थांबली. मी परवाच सगळं सोडवलं होतं, पण पानांआड एक दगड राहून गेला असावा. तो हातात धरून ही बाई चक्क हसली.

"अगं जयाताई, हे कोणी बांधलं? बरं केलं बाई कोणीतरी! मी कधीची म्हणणार होते…"

बरं केलं?  आणि एकदम आठवलं, हिचा भाचा तबरेज रूपेशच्याच ऑफिसात कामाला आहे.

मी म्हटलं, "सईदा, तुला माझं घर गेलेलं बघायचंय का?"

"घराचं काय मधेच? तू आधी ऐक तरी…"

"ऐकायचं काही उरलं नाही." फाटक लावलं. जोरात लागलं. डबा तिच्याच हातात राहिला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. पण दिवसभर त्या शेवयांचा वास नाकातून गेला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आता दगडांवर थांबलेलं नाही. वांग्याच्या आणि भेंडीच्या पानांवर राख. नुसती सांडलेली नाही, पानं उलटी करून खालून चोळलेली. लाकडाची राख. गॅसच्या जमान्यात लाकडाची राख येते कुठून? जिथून येते ते नाव मी इथे लिहिणार नाही.

आणि भोपळ्याचं एक फूल तोडून, त्याच्या पाकळ्या ओरबाडून, दुसऱ्या फुलात उपडं खुपसलेलं. दोन ठिकाणी. फुलाचा असा खून कोणी करतं का?

पाण्याने राख धुतली. धुताना रडू आलं. एवढी ट्रकवाल्यांची वस्ती, कोणी दारू पिऊन यायचा, कोणी हुज्जत घालायचा, कधी घाबरले नाही. हातात उलथनं असायचं. इथे माणूसच दिसत नाही, तर उलथनं कोणावर उगारू?

९ ऑगस्ट, शनिवार

रोज पहाटे उठून खिडकीशी बसायचं ठरवलं होतं. बसलेही. पण गुडघ्याच्या गोळीने डोळा लागला तो उन्हं आल्यावरच उघडला. तेवढ्यात चार दगड.

मागच्या खिंडीपाशी चिखलात पावलाचा ठसा आहे. अनवाणी. पायाचा अंगठा बाहेर फाकलेला. रूपेश तर बूट घालून फिरतो. म्हणजे भाड्याचा माणूस.

११ ऑगस्ट, सोमवार

भिंतीवर पत्रा ठोकून घेतला. डोक्याच्या वर जाईल एवढा, खिंडीसकट. ठोकणारा विचारत होता, "आजी, एवढ्या शोभेच्या बागेला हा पत्रा? सगळा शो गेला." मी म्हटलं, तू खिळे मार.

पत्रा लागत होता तेव्हा पलीकडे म्हातारा खुर्चीवर बसून बघत होता.  शेवटचा पत्रा लागला तेव्हा त्याचं तोंड दिसेनासं झालं. एक गोष्ट खटकली. रागावलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं. असो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१७ ऑगस्ट, रविवार

सहा दिवस झाले. दगड नाहीत, राख नाही. पण बाग बसत चालली आहे.

भेंडीच्या पानांखाली बारीक काळ्या किड्यांचा मावा, बोट लावलं तर चिकट. वांग्याचे शेंडे आकसले. भोपळ्याला रोज नवी कळी येते, पिवळी पडते, गळते. फक्त ज्या दोन जागी फुलं उपडी खुपसली होती, तिथेच भोपळे धरलेत, मुठीएवढे झालेत. विचार करा! करणीचे तेवढे वाढतात, देवाचे गळतात. त्या दोघांना मी हातसुद्धा लावत नाही.

नवी पडवळं मात्र मनासारखी कुरळी आली आहेत. आणि गंमत बघा, आता ती मला सापासारखी दिसतात. फाटकातून आत येताना मान खाली घालते.

सईदाच्या घरी कुकरची शिट्टी झाली की कान तिकडे जातो. ती दोनदा फाटकापर्यंत आली, पत्रा बघून परत गेली. मी खिडकीआड होते.

ठरवलं. स्वराजला फोन करून सांगितलं, विकून टाकते. तो खूश. म्हणाला, "आई, एकदम शहाणपणाचा निर्णय." शहाणपण कुठलं रे राजा. माणसाला आपल्याच दारात मान वर करून चालता येईना, तर ते दार कशाला?

रूपेश पुढच्या रविवारी कागद घेऊन येतोय.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

स्वराज आठ वाजता पुण्याहून आला. अकरा वाजता रूपेश. पांढरा शर्ट, हातात फाइल, पेढे. मी चहा ठेवला. स्वराजने कागद वाचले, म्हणाला, ठीक आहे. मी पेन हातात घेतलं आणि म्हटलं, "सही करते. पण आधी तुझी वस्तू तू घेऊन जा." मोरीजवळचा डबा आणून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"काय हाय काकी, फराळ?"

"उघड."

त्याने झाकण काढलं. मीठ, सुकलेली तुळस, खाली दगड. स्वराज ओरडला, "आई, हे काय आहे?"

"याला विचार. एका बाईला घराबाहेर काढायला एवढं करावं लागतं? नीट मागितलं असतंस तर कदाचित…" 

रूपेश आधी बघतच राहिला, मग खो खो हसला. "काकी! हे पडवलाचे दगड! करणी कसली? कोवळं असताना शेपटीला दगड बांधला की पडवल सरल वाढतं. नायतर वाकडं होतं, बाजारात कोण घेत नाय. आमच्या वाडीवर सगल्या पडवलांना…"

आणि हसता हसता थांबला. एक चिंधी मीठ झटकून बोटांवर पसरली. हिरवी, लाल काठ. बराच वेळ त्या काठावरून अंगठा फिरवत होता. धंद्याचं बोलणं कुठच्या कुठे गेलं.

"हा आयेचा लुगरा हाय."

 चहा उतू गेला, त्याचा वास आला तरी मी उठले नाही.

मग सांगितलं त्याने. आई पुतळा, उलव्याच्या वाडीवरची भाजी तिच्या हातची. दगड बांधायचं काम तिचंच, वेचून आणायची, फळाच्या मापाचे. जमीन गेली, मग अडीच वर्षांपूर्वी, इथे यायच्या आधीच, ती गेली. म्हाताऱ्याने तिचं एकच लुगडं मागून ठेवून घेतलं होतं. घरच्यांना वाटायचं, उशाखाली असेल.

"बाबा रोज सकालचा तलावावर चालाला जातो बोलायचा. मी बोललो, चांगलं हाय, शुगर कमी होईल." मी राखेचं नि उपड्या फुलांचं सांगितलं. रूपेशने नाक पुसलं. "राख पन त्यानेच. मागच्या अंगनात पाल्याला जाळ लावायचा, मी ओरडायचो त्याला, सोसायटीवाले कंप्लेंट करतील म्हनून. माव्याला राख लागते ना. आनि फूल ते… भोपल्याला नर फुलाने धरवायला लागतं, इकडं मधमाशा कुठं?"

मी विचारलं, "मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी त्याला बोललात ना, नजर लावू नका. तो घरी येऊन बोलला, बायचा बरोबर हाय, तिची बाग. मला वाटलं विषय संपला. पत्रा लागला तेवापासून दोन घास पन जात नाय त्याला. डॉक्टर केला. डॉक्टर बोलतो, रिपोर्ट सगले नॉर्मल."

मग मी ते बोलले, जे मला गिळता येत नव्हतं. "रूपेश, पहिल्या दिवशीचे सहा मी खाडीत टाकले. चिंध्यांसकट."

त्याने डब्यातल्या चिंध्या एकेक करून सोडवल्या, घडी करून शर्टच्या खिशात ठेवल्या. मग कागदही फाइलमध्ये घातले. स्वराज म्हणाला, "अरे, सही?"

"आज नको. काकी घाबरून सही करतायत. असल्या सहीवर बांधलेली बिल्डिंग मला लाभायची नाय." दारापर्यंत गेला आणि वळला, तोच आधीचा रूपेश होऊन. "दिवाळीनंतर मात्र परत विचारनार हां, काकी."

विचार बाबा. नाहीच म्हणणार आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी आठलाच माणूस बोलावून पत्रा काढला. स्वराज हसत होता, म्हणाला, आई, पत्रेवाल्याची तू वर्षाची सोय लावलीस. मग गेला पुण्याला.

खिंडीतून जायला गुडघा वाकेना, म्हणून फाटकाने गेले. हिरामणदादा ओट्यावर बसले होते. पाय अनवाणी. अंगठा बाहेर फाकलेला.

मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं. वहिनींच्या लुगड्याच्या सहा पट्ट्या मी जेट्टीवरून खाडीत टाकल्या."

त्यांनी मान वळवली. मला वाटलं, आता हाकलतील. मग म्हणाले, "खारीत?"

"हो."

"तिचा म्हायेर खारीकाठचाच. पोचली असंल." आणि थोड्या वेळाने, "बाय, तुझी भेंडी माव्यानं खाल्ली. राख धुतलीस कशाला?"

 एकोणतीस वर्षं भाजी चिरली आणि भाजीतलं एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "उद्यापासून फाटकाने या. चहा ठेवीन."

२८ ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी

ऋषीची भाजी केली. आजच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हाताने पिकवलेलंच चालतं. दरवर्षी बाजारातून आणायचे आणि भाजीवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचे. यंदा दारातली. लाल माठ, भेंडी, एक भोपळा त्या दोघांपैकी, आणि पडवळ. तोडताना हात अडखळला. हिरामणदादा मागून म्हणाले, "तोर ना. नाय तोरला तर येल रुसतं. त्याला वाटतं आपला काम झाला."

खरंच असेल. माझं केंद्र बंद झाल्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

भाजी वाटीत घालून सईदाकडे गेले. दार उघडून कमरेवर हात ठेवून उभी. मी दारातच सगळं सांगून टाकलं, तबरेजवरचा संशयसुद्धा. "काय गं? मला तेव्हाच सांगायचं होतं, आमच्या वाडीत अम्मी असेच दगड बांधायची. तू तर फाटक माझ्या नाकावर आपटलंस."

"आपटलं नाही, लागलं जोरात."

"हो का! आणि तबरेजवर संशय घेतलास तो? तो बिचारा रूपेशच्या ऑफिसात प्रिंटरला कागद लावतो." वाटी हातातून घेतली, तिथेच बोटाने चाखली. "मीठ कमी आहे. आत ये."

शेवया ताज्या केल्या होत्या की काय कोण जाणे. दोन वाट्या खाल्ल्या.

३० ऑगस्ट, शनिवार

आज आमचं भांडण झालं, मी नि हिरामणदादा. मी म्हटलं, कमानीच्या डावीकडची पडवळं तुमची, बांधा दगड, होऊ देत काठीसारखी. उजवीकडची माझी. ती कुरळीच राहणार, मला ती तशी बघायला आवडतात.

"वाकरा पडवल बगाला?" म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी म्हशीला हार घालून दिवाणखान्यात बसवलंय. "त्याचा करायचा काय?"

"काही नाही करायचं. शोभा."

"सोभा," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. पटलं नाही. चहा अर्धा ठेवून उठले.

जुनी खोड जात नाही बघा. आता वाटतंय, पहाटे येऊन माझ्या बाजूलाही बांधून ठेवतील. गोळी घेणार नाही आज.

३१ ऑगस्ट, रविवार

गोळी घेतली नाही, तरी झोप लागलीच. उठले ती थेट फाटकाशी.

डावीकडे पाच दगड, मापाचे. उजवीकडे बघितलं आणि तोंडात शिवी आली. माझ्या सगळ्यांत कुरळ्या पडवळाला हिरवी चिंधी! सांगून ऐकत नाही हा माणूस. स्टूल घेतलं, गाठ सोडायला वर चढले, चिंधी हातात धरली.

खाली दगड नव्हता. नुसती लाल काठाची चिंधी, पोरीच्या वेणीला रिबीन बांधावी तशी, फुलपाखराची गाठ मारून.

स्टुलावरून उतरले. चहाला दोन कप काढून ठेवलेत.